सात नंबरच्या मशीनचा पत्ता

३ नोव्हेंबर, सोमवार

"पत्र टाकलं म्हणजे पोचलं असं नसतं, दीपमाला. पोचलं का ते टाकणाऱ्यानं बघायचं!"

इन्स्टिट्यूटचे बोरस्ते सर हे म्हणाले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या हातात दीडशे पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. आज सत्तावीस वर्षांनी ते वाक्य दिवसभर कानात वाजतंय. कारण शुभांगी आली होती.

शुभांगी पेठची. गेल्या वर्षी आमच्या इन्स्टिट्यूटमधून टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झाली. सकाळच्या एसटीने आली आणि दारातच उभी राहिली. "मॅडम, मागच्या महिन्याचं नोकरीपत्र मला आलंच नाय." मी जरा ठसक्यातच म्हटलं, "एक ऑक्टोबरलाच पाठवलंय. बरोबर बघ." तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. पत्र होतं. स्पॅमच्या कप्प्यात! वर कर्जाची जाहिरात, खाली लकी ड्रॉ, मधे आमचं नोकरीपत्र. त्यात तिच्याच तालुक्यातली लिपिकाची जागा. शेवटची तारीख वीस ऑक्टोबर.

"तारीख गेली ना मॅडम आता."

भांडली असती तर बरं झालं असतं. तिने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "तुमचं पत्र असं कचऱ्यात कसं काय गेलं?"

अठ्ठ्याऐंशी साली सरांनी हे पत्र सुरू केलं. पेपरांतल्या जाहिराती कापायच्या, टाईप करायच्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला जुन्या विद्यार्थ्यांना पाठवायच्या. फुकट. आधी पोस्टकार्ड, मग ईमेल. ईमेल सुरू झाल्यापासून मीच पाठवते. पोचलं का ते मात्र बघितलं नाही. कधीच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

धम्मपालला फोन केला. आमच्या २००१ च्या बॅचचा. आता सातपूरला एका कंपनीत मेलची सगळी यंत्रणा बघतो. डोक्यावर केस राहिले नाहीत, पण मला अजून "मॅडम" म्हणताना उभा राहिल्यासारखा बोलतो.

तासाभराने त्याचा उलटा फोन. "मॅडम, तुम्ही ब्लॅकलिस्टवर आहात. एका नाही, दोन."

"म्हणजे काय रे?"

"सोसायटीच्या वॉचमनकडे वही असते ना, या माणसाला आत सोडू नका अशी? त्या वहीत आपलं नाव चढलंय. मग कुणी गेटवरूनच हाकलतं, कुणी आत घेतं पण कचऱ्याच्या डब्याशेजारी बसवतं."

मी म्हटलं, आपण कुणाचं काय वाकडं केलंय? तर म्हणाला, "तेच शोधतो. तुम्ही मला खाडाखोड केली म्हणून पट्टी मारली होती, आठवतंय? आता बघू, तुमच्या किती चुका निघतात!"

६ नोव्हेंबर, गुरुवार

चूक सापडली. चूक कसली, आमचं कौतुक होतं ते!

दोन हजार साली सरांनी इन्स्टिट्यूटमध्ये इंटरनेट आणलं. शालिमारला आमच्या त्या जिन्यात पोरं रांग लावून उभी असायची. सरांनी नियम केला— टायपिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ईमेलचा पत्ता काढता आलाच पाहिजे. प्रॅक्टिकलच ठेवलं. फुकट मिळणारा पत्ता, इंग्रजीत आपलं नाव आणि पुढे आपण बसतो त्या टायपिंग मशीनचा नंबर. पत्ता आणि पासवर्ड सरांच्या जाड वहीत लिहायचा, सही करायची, पाच मार्क. पोरं पाच मार्क घेऊन जायची. पत्ता तिथेच राहायचा. पाच वर्षांत सहाशेवर पत्ते झाले.

त्यातले बहुतेक कुणी पुन्हा उघडलेच नाहीत. आणि मी इमाने इतबारे दर महिन्याला त्या सहाशे पत्त्यांवर नोकरीपत्र पाठवतेय.

धम्मपाल म्हणाला, "मॅडम, पत्ता वर्षानुवर्षं पडून राहिला की कंपनी तो बंद करते. मग त्यातले काही मुद्दाम पुन्हा उघडे ठेवतात. सापळा म्हणून. तिथे माणूस नसतोच. मग तिथे पत्र कोण पाठवणार? ज्याने कुठून तरी पत्त्यांची यादी उचललीय तो. म्हणजे चोर."

सर शेजारीच बसले होते. एक्क्याऐंशी पूर्ण झाली, ऐकायला कमी येतं, पण तो शेवटचा शब्द बरोबर ऐकू आला.

"चोर? कोण चोर? मी?"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सर आज जेवले नाहीत म्हणे. सरांच्या पत्नी वत्सलाबाईंचा फोन आला— "काय गं, कुणाची चोरी झाली आपल्याकडे? हे नुसतेच खिडकीत बसलेत."

१० नोव्हेंबर, सोमवार

हसू की रडू! सरांनी ब्लॅकलिस्टवाल्यांना अर्ज लिहिलाय. स्वतः, बारा नंबरच्या जुन्या मशीनवर, समास सोडून, रेघ न रेघ बरोबर.

"प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, काळी यादी विभाग. विषय: आमचे नाव यादीतून कमी करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, आमची संस्था गेली सदतीस वर्षे..." पुढे दोन पानं. सोबत जोडलेल्या कागदपत्रांत पहिल्या पोस्टकार्डाची झेरॉक्स.

धम्मपालला वाटलं मी गंमत करतेय. "मॅडम, तिकडे व्यवस्थापक साहेब नसतात. तिकडे फॉर्म असतो." तरी मी फोटो काढून फॉर्मला जोडला. जोडायलाच हवा होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उत्तर आलं. यंत्राचंच. कारण दूर झालेलं नाही, सबब नाव कमी करता येत नाही.

धम्मपालने यादीच दिली. पत्र आपणच पाठवलं हे पटवणाऱ्या काही खुणा आपल्या नावाला जोडायच्या— "पाकिटावर सही-शिक्का समजा"— ते तो करेल. पत्राच्या तळाशी "हे पत्र नको असल्यास" अशी ओळ टाकायची. उरलेल्या सगळ्यांना एकदा विचारायचं, हवंय का. आणि सगळ्यात आधी प्रॅक्टिकलचे पत्ते काढायचे. सगळे. "एकसुद्धा ठेवायचा नाही मॅडम. एक सापळा राहिला तरी पुन्हा वहीत नाव."

डिसेंबरमध्ये मोठी भरती निघणार आहे. शुभांगीच्या वयाची अट येत्या मार्चमध्ये संपते. एक डिसेंबरचं पत्र तिच्यापर्यंत पोचलंच पाहिजे. आणि तिच्यासारख्या दोनशे जणींपर्यंत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सरांना सांगितलं. तासभर वाद. पत्र्याच्या कपाटातून वही काढून छातीशी धरून बसले.

"नाव कापायचं नाही! आपल्याकडे आलेला माणूस आपला. फी बुडवून गेला त्याचंही नाव मी कापलं नाही."

मी ओरडून ओरडून सांगितलं, सर, नाव नाही कापायचं, पत्ता काढायचाय. तिथे आता कुणी राहत नाही. शेवटी म्हणाले, "वही माझी. यादी तुझी. वहीला हात लावू नकोस. यादीचं तुला काय करायचं ते कर."

वही मात्र माझ्याकडे दिली, पत्ते जुळवायला. घरी आणलीय. जीवनने एकदा बघितलं आणि काही न विचारता चहा ठेवला. बावीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळतं, मी जुनं काही उघडून बसले की बोलायचं नसतं.

वहीला अजून शाईच्या रिबनीचा वास आहे. सगळ्यांचे पासवर्ड आत. कुणाचा गावाचं नाव, कुणाचा आईचं. किती विश्वासाने लिहून दिले होते पोरांनी! तेव्हा डायल-अपला मिनिटांचा हिशेब असायचा, म्हणून सरांनी पद्धत पाडली होती— सकाळी साडेनऊला मी एकटीने फोनची लाईन जोडायची, ती किरकिर संपली की वही उघडायची, आणि ज्यांनी कुठे कुठे अर्ज केलेत त्यांच्या पेट्या एकेक करून बघायच्या. काही आलं असेल तर छापून ज्याच्या त्याच्या मशीनवर ठेवायचं. पोरं मला पोस्टमनबाई म्हणायची.

शेजारच्या मशीनवरची रेहाना म्हणायची, "आज हमारी पेटी में कुछ है क्या, पोस्टमनबाई?" मुद्दाम हिंदीत. एरवी माझ्यापेक्षा शुद्ध मराठी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पत्ते काढायला बसले. सहाशे बारा. एकदम निवडून एका फटक्यात काढता येतात, धम्मपालने दाखवलं होतं. मला जमलं नाही. एकेक काढला. नाथा, मशीन तीन— दोन बोटांनीच टाईप करायचा, शेवटपर्यंत. घोटीचा सनी, मशीन अकरा— डब्यात भात आणायचा आणि सगळ्यांना वाटायचा. नाव वाचायचं, चेहरा आठवायचा, काढायचं. काही चेहरे आठवले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

चारशे तेवीसवर थांबले. रेहाना, मशीन सात.

तेव्हा सरांना शिकवायला मदत करता करता मी आठवर बसायचे, ती सातवर. सात नंबरचं कॅरेज, कागद सरकवणारा तो रूळ, अडकायचं, दर ओळीला धक्का द्यावा लागे. मशीन बदलून घे म्हटलं तर म्हणायची, "राहू दे, सवय झालीय." दुपारी भद्रकालीतून तिची अम्मी डबा पाठवायची, त्यात माझ्यासाठी वेगळी पुडी. दोन वर्षं आम्ही एकमेकींच्या चुका मोजल्या. माझ्या नेहमी जास्त निघायच्या.

तिच्या पत्त्यावरून पत्र कधी परत आलेलं नाही. म्हणजे दोनच अर्थ— तिथे ती आहे, नाहीतर सापळा.

पुढचे सगळे काढले. तेवढा ठेवला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

धम्मपाल: "सगळे गेले?" मी: "सगळे."

किती सहज!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता लिहूनच टाकते. इथे नाही तर कुठे?

२००३ चा जून. सिन्नरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटरची एक जागा होती. आम्ही दोघींनी अर्ज केला, एकाच दिवशी, शेजारी शेजारी बसून. शनिवारी सकाळी लाईन जोडली. माझी पेटी उघडली, रिकामी. तिची उघडली. मुलाखतीचं बोलावणं. सोमवार, अकरा वाजता.

छापलं. कागद हातात घेतला. ती अजून यायची होती. मी तो कागद माझ्या खणात ठेवला. का? नोकरी मला मिळणार नव्हतीच. तिला मिळाली असती तर ती सिन्नरला गेली असती, रोजच्या जीपने, आणि सात नंबर रिकामं झालं असतं. हे मी आज म्हणते. तेव्हा एवढंही नव्हतं मनात. तेव्हा नुसती जळजळ होती.

मंगळवारी तिच्या हातात कागद दिला. म्हटलं, "आजच आलं गं."

तिने वाचला. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग घडी घातली आणि म्हणाली, "असू दे दीपा. तू सांगितलंस तरी." आठवड्याने यायची बंद झाली. पुढे मालेगावला लग्न झालं असं ऐकलं. मला बोलावणं नव्हतं.

त्या छापील कागदाच्या तळाशी छापल्याची तारीख येते, हे वर्षभराने माझ्या लक्षात आलं. शनिवारची तारीख.

तेव्हापासून नोकरीपत्राच्या वर मी चार ओळी लिहिते. पाऊस पडला, सर पडले, नवीन कॉम्प्युटर आले, आठ नंबर भंगारात गेलं. सगळ्यांना वाटतं मॅडमना लिहायची हौस आहे. बावीस वर्षं त्या चार ओळी एकाच पत्त्यावर लिहिल्यात.

शुभांगीने मोबाईल पुढे धरला तेव्हा मला खणच दिसला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

"पत्र हवं असेल तर नुसतं 'हो' लिहून पाठवा" असं उरलेल्यांना विचारलं होतं, माझ्या साध्या मेलवरून, रोज चाळीस-चाळीसांना. धम्मपालचाच सल्ला— "एकदम गर्दी केली की वॉचमनला संशय येतो." सात नंबरला विचारलं नाही. धीर झाला नाही.

उत्तरं येतायत! "हो." "हो मॅडम." "हो, आणि सरांना नमस्कार." एकीने लिहिलंय, "तुमच्या पत्रामुळे नोकरी लागली, आता गरज नाही, पण पाठवत राहा. सवय झालीय." एकाचं उत्तर फक्त "नको". त्याचाही राग आला नाही. निदान बोलला.

वही सरांना परत दिलीय. उत्तरं वाचून दाखवते. प्रत्येक "हो"ला वहीत पेन्सिलने टिंब करतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नाव निघालं! वॉचमनच्या दोन्ही वह्यांतून!

पुन्हा भरलेल्या फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं, जुने सर्व पत्ते काढले आहेत. खोटं. एकाने खोटं. सर मात्र सगळ्यांना सांगत सुटलेत, "माझा अर्ज मंजूर झाला." रविवार कारंजावरून पाव किलो पेढे आणवले. दोन पानी अर्जामुळेच झालं असं त्यांना वाटतंय. वाटू दे.

१ डिसेंबर, सोमवार

आठ वाजता पहिल्या गटाला पाठवलं. आठ वाजून सहा मिनिटांनी शुभांगीचा फोन. मागे एसटी स्टँडचा गोंगाट.

"मॅडम, मेल आला! वरच आलाय, कचऱ्यात नाय! दहा तारीख शेवटची ना? मी आजच भरते!"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. थंडी मरणाची, आणि मी दार उघडंच टाकलेलं.

३ डिसेंबर, बुधवार

आज शेवटचा गट. त्यात सात नंबर.

माहीत होतं काय पणाला लावतेय. सापळा असला तर शुभांगीचं जानेवारीचं पत्र पुन्हा लकी ड्रॉच्या खाली. सरांचा "मंजूर" अर्ज रद्द. एका पत्त्यासाठी! दोनदा काढला, दोनदा परत टाकला.

या वेळच्या चार ओळींत लिहिलं होतं, "जुनी मशीनं आता देऊन टाकतोय. सात नंबरचं कॅरेज अजून अडकतं. ते मी ठेवून घेतलंय."

पाठवलं.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी धम्मपाल. आवाज वेगळा. "मॅडम, एक तक्रार आलीय. कुणीतरी 'हे पत्र स्पॅम आहे' बटण दाबलंय. पत्ता प्रॅक्टिकलचा आहे. तुम्ही म्हणालात सगळे काढले."

मी यादी उघडली.

"मशीन सात," तो म्हणाला. मग, "रेहाना मॅडम? मला 'ळ' कुठे असतो ते त्यांनी दाखवलं होतं. तुम्ही पट्टी घेऊन मागे उभ्या होतात."

विचारलं, दुसऱ्या कुणाला तो पत्ता मिळाला असेल का? म्हणाला, ती कंपनी एकदा दिलेला पत्ता दुसऱ्याला देत नाही. आणि सापळा बटण दाबत नाही. बटण माणूस दाबतो.

"एका तक्रारीने काही बिघडत नाही मॅडम. पण तक्रार केली त्याला पुन्हा पाठवायचं नाही. कधीच. आता तरी काढा."

त्याच्यासमोर, फोन चालू ठेवून, काढला. सहाशे बारा पूर्ण.

५ डिसेंबर, शुक्रवार

ती आहे. बावीस वर्षं तो पत्ता तिने जिवंत ठेवला. आणि मला कचरा म्हणाली. दोन्ही एकदम खरं आहे. आज कशातच लक्ष नाही.

सरांनी विचारलं, "सगळ्यांना पोचलं?"

"पोचलं सर."

६ डिसेंबर, शनिवार

धम्मपालचा मेसेज, न विचारता आलेला: "नोंदीत दिसतंय, पत्र उघडलं ७:१०. बटण दाबलं ७:२६. तुम्हाला माहीत असावं म्हणून."

सोळा मिनिटं! चार ओळींना सोळा मिनिटं लागत नाहीत.

संस्थेच्या यादीतून नाही, माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून, एकदाच, आत्ता पाठवलं. ते असं—

"रेहाना, तो कागद शनिवारी आला होता. मी खणात ठेवला. तुला माहीत आहे, तरी मी सांगायला हवं होतं. मालेगावला येऊन समोर बसून सांगू का? तू नाही म्हणशील. म्हण. पण या वेळी बटण दाबू नकोस. 'नाही' स्वतः टाईप कर."